एकाच नावाचे दोन फोटो

"आता त्या सीड्या टाकून दिल्या तरी चालतील," असं मी भाऊंना सांगितलं तेव्हा श्रावण चालू होता. लोणावळ्याच्या बाजारातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी काउंटरशी उभी होते. भाऊंनी मान डोलावली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मागे फ्रेमांवरची बुरशी फडक्याने पुसत होत्या. त्यांनी हात थांबवून विचारलं, "समद्या? नक्की?"

"सगळ्या," मी म्हटलं. "एकूण एक फोटो हार्ड डिस्कवर आलाय. मी तपासलंय."

तपासलं होतं हे खरं होतं. नेमकं काय तपासलं होतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

माझं माहेर लोणावळ्याचं. दहावीच्या फॉर्मला लागणारा फोटो मी भाऊंकडेच काढला होता. पुढे लग्न होऊन तळेगावला आले, पुण्यातल्या एका कंपनीत चौदा वर्षं प्रोग्रॅमरची नोकरी केली आणि एक दिवस ती सोडली. भांडण झालं नाही, कुणी काढलंही नाही. रोज सकाळी बसमध्ये चढताना छातीत काहीतरी धडधडायचं, ते थांबेना, म्हणून सोडली. घरून कामं घ्यायला लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, दुरुस्त करून पाठवायच्या. धडधड थांबली, पण मन थाऱ्यावर आलं नाही. तासातासाला उठून गॅलरीत जायची, समोरच्या नव्या इमारतीचे मजले मोजायची, परत येऊन बसायची. नवरा इथल्याच एका कारखान्यात शिफ्टला जातो. तो एकदा डबा भरता भरता म्हणाला, "सारखं लोकांचं निस्तरत बसतेस. स्वतःचं काहीतरी कर." मला राग आला, कारण ते खरं होतं.

पासपोर्टच्या फोटोचं निमित्त झालं. माहेरी गेले होते, तेव्हा स्टुडिओत डोकावले. भाऊ संगणकासमोर बसून एक फाइल पुन्हा पुन्हा उघडायचा प्रयत्न करत होते आणि ती उघडत नव्हती.

"स्टुडिओ बंद करतोय," ते म्हणाले. "मोबाइल आल्यापासून फोटो काढायला कोण येतंय? पण त्याआधी ज्याचे फोटो त्याला द्यायचेत. गावावार पेन ड्राइव्ह करायचे आणि घरोघर नेऊन द्यायचे. आपल्याकडच्या पावसानं लोकांचे अल्बम पार चिकटून गेलेत. आता धड आहेत ते ह्यातच." त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. सीड्यांचे डबे रांगेने लावलेले होते. फिल्म गेली आणि डिजिटल कॅमेरा आला, त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांतली मावळातली लग्नं त्या फळीवर होती.

अडचण अशी होती की स्टुडिओतला संगणक सांभाळणारा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेला होता, आणि प्रत्येकाने फोटो आपापल्या पद्धतीने बांधून ठेवले होते. शेकडो फोटो दाबून एकाच फाइलीत बांधता येतात. त्यातला झिप हा प्रकार बहुतेकांना माहीत असतो. पण प्रकार पुष्कळ आहेत, आणि एका प्रकारचं गाठोडं दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमने सुटत नाही. भाऊंकडे सहा प्रकारची गाठोडी होती. काहींचे प्रोग्रॅम आता मिळत नव्हते. काही गाठोडी इतकी मोठी होती की ती तोडून तीन-तीन सीड्यांवर टाकलेली. गावांची नावं जुन्या मराठी फाँटात लिहिलेली असल्यामुळे आता त्यांचा नुसता काला दिसत होता.

"मी करते," मी म्हटलं. भाऊंनी विचारलंही नव्हतं.

घरी आले आणि त्याच दिवशी कागदावर लिहायला बसले. गाठोडं कुठल्याही प्रकारचं असो, माणसाला त्याच्याशी चारच गोष्टी करायच्या असतात. आत काय आहे ते बघायचं, बाहेर काढायचं, नवं बांधायचं, आणि बांधलेलं धड आहे का ते तपासायचं. म्हणून समोर चारच बटणं. मागे प्रत्येक प्रकारासाठी वेगळा भाग. उद्या सातवा प्रकार आला तर मागे एक भाग वाढवायचा, पुढच्या बटणांना त्याची खबरही लागता कामा नये. दुसरा नियम असा केला, की फाइलीच्या नावामागच्या शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही. कुणीतरी झिपला दुसरीच शेपटी लावून ठेवली होती. फाइल उघडून तिची सुरुवातीची अक्षरं वाचायची. ती खोटं बोलत नाहीत.

पाच महिने मी त्यात बुडाले. बाहेरची कामं कमी केली. गॅलरीत जाणं बंद झालं असं नाही, पण आता तिथे उभी असताना मी मजले मोजत नव्हते. मला सगळ्यात अभिमान होता तो एका सोयीचा. एका लग्नाची कितीही गाठोडी असोत आणि कुठल्याही प्रकारची असोत, एक बटण दाबलं की सगळी सुटून त्या लग्नाच्या एकाच फोल्डरमध्ये फोटो गोळा व्हायचे. प्रत्येक गाठोडं आतून धड आहे का ते तपासून, सुटल्यावर गाठोड्याची प्रत आपोआप पुसली जायची, कारण डिस्कवर जागा पुरत नव्हती. सगळं संपल्यावर एकही चूक दाखवली गेली नाही. श्रावणात मी हार्ड डिस्क नेऊन दिली आणि ते वाक्य बोलले.

भाऊ उत्साहाने कामाला लागले. मोटरसायकलवरून गावोगाव जायचे, पेन ड्राइव्ह द्यायचे, चहा घ्यायचे. तळेगावच्या आसपासचे पेन ड्राइव्ह त्यांनी माझ्याकडे दिले, म्हणून वराळ्याच्या एका मावशींकडे मी स्वतः गेले होते. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न गावातल्या बुद्धविहारात लागलं होतं, त्याचे फोटो. मावशींनी माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि पेन ड्राइव्ह कपाटात पातळांच्या घडीखाली ठेवला. घरी येताना मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

कोजागिरी होऊन गेली आणि एका दुपारी मावशींचा फोन आला.

"पोरांनी टीव्हीला लावलं गं. लय चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पर एक इचारू का? आमच्या बायका कुटं गेल्या?"

"म्हणजे?"

"बापय माणसं समदी हायेत. जेवणाची पंगत हाय, भंतेजी हायेत, मांडव हाय. बायकांचं एक बी न्हाई. माजी आई व्हती त्या लग्नाला. अल्बममधी हाय ती. ह्यात न्हाई."

मी लॅपटॉप घेऊन स्कूटरवर वराळ्याला गेले. रस्ताभर मनात म्हणत होते, राहिलं असेल एखादं गाठोडं, नाव वाचताना चुकलं असेल. मावशींनी अल्बम काढून ठेवला होता. दमटपणाने पानं एकमेकांना चिकटली होती, तरी एक पान सुटलं. विहारासमोर सतरंजीवर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. मधोमध एक म्हातारी, हसताना डोळे पार मिटलेले.

"ही आई," मावशी म्हणाल्या.

फोटो कोपऱ्यातून निघत होता. मी तो हलकेच सोडवला आणि उलटा केला. लॅबमधून छापून आलेल्या फोटोंच्या पाठीवर बारीक अक्षरांत फाइलीचं नाव असतं. शेवटचा आकडा त्रेचाळीस होता. लॅपटॉपवर मी त्याच लग्नातली त्रेचाळीस नंबरची फाइल उघडली. दोन माणसं पंगतीत बुंदी वाढत होती.

एकाच नावाचे दोन फोटो होते, आणि माझ्याकडे त्यातला एकच होता.

मी तिथेच, मावशींच्या ओट्यावर बसून, प्रोग्रॅमची ती जागा उघडली. एकच ओळ होती. काढायच्या फाइलीच्या नावाची फाइल आधीच असेल, तर जुनीवर नवी लिही. ही ओळ मी अगदी सुरुवातीला चाचण्या करताना टाकली होती, दरवेळी "बदलू का?" असं विचारून प्रोग्रॅम अडू नये म्हणून. नंतर काढायची होती. राहिली. माझ्या चाचणीच्या सगळ्या फाइलींची नावं वेगवेगळी होती, म्हणून ती कधी मला टोचलीच नाही. प्रत्येक गाठोडं धड होतं, हे मी तपासलं होतं. बाहेर आलेले फोटो जागेवर राहिले का, हे मी तपासलं नव्हतं.

"घावलं का?" मावशींनी विचारलं.

"चूक सापडली. माझीच आहे," मी म्हटलं. "फोटो सापडले नाहीत."

मावशी चहा टाकायला आत गेल्या. मी फोटो परत पानावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने मी लोणावळ्याला गेले. फोनवर सांगायचा धीर नव्हता, आणि गाडीत बसायचाही नव्हता; मळवलीपर्यंत दारात उभी राहून आले. दर लग्नाच्या सीडीवर दोन गाठोडी असायची, हे मला आठवत होतं. एकाचं नाव इंग्रजीत 'लेडीज', दुसऱ्याचं 'मेन'. प्रोग्रॅम नावांच्या क्रमाने चालायचा. इंग्रजीत एल आधी येतो, एम नंतर. आधी लेडीज सुटायचं आणि मग मेन त्याच्यावर येऊन बसायचं. वराळ्यातच नाही, प्रत्येक लग्नात.

भाऊ आणि वहिनी दोघंही स्टुडिओत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भाऊंना आधी कळेना.

"पण दोघांत नंबर सारखे कसे आले?" ते म्हणाले.

"दोन कॅमेरे होते ना?" मी विचारलं.

"हो. सारखेच घेतले होते, एकाच दिवशी. प्रत्येक लग्नाला कोरं कार्ड घालायचो, त्यामुळे दोन्हींत एकापासून..." ते थांबले आणि बायकोकडे बघू लागले.

मग मला कळलं. लग्नात बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर शिरला की बायका पदर सावरून ताठ होतात, हळद लावतानाचे, पाटावरचे फोटो नीट येत नाहीत. म्हणून दुसरा कॅमेरा वहिनींकडे असायचा. बारा-तेरा वर्षं लेडीज नावाच्या गाठोड्यात होते ते सगळे फोटो त्यांनी काढलेले. स्टुडिओच्या पाटीवर, अल्बमच्या मागे, सगळीकडे भाऊंचंच नाव होतं, आणि मी इतक्या वेळा येऊन कधी विचारलं नव्हतं. भाऊ नेहमी जास्त फोटो काढायचे. त्यामुळे वहिनींचा एकही नंबर त्यांच्या पुढे जाऊन वाचला नव्हता.

"म्हंजे माजे गेले," वहिनी म्हणाल्या.

"हो, तुमचे गेले. माझ्यामुळे."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "दोन म्हैने झालं वाटताय तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह करताना उघडून बघत व्हता. एक तरी माजा फोटू दिसला का त्यात?"

भाऊंनी काउंटरवरचा एक पेन ड्राइव्ह उचलून परत ठेवला. "मला वाटलं, असतील पुढं कुठंतरी," ते म्हणाले.

"वाटलं," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

मी विचारलं, "सीड्या?"

सीड्या दसऱ्याच्या साफसफाईत गेल्या होत्या. वहिनींनीच दोन गोण्या भरून शिरगावच्या पलीकडे राहणाऱ्या आपल्या भावाला, दादांना, दिल्या होत्या. भात दाण्यात आलं होतं आणि पाखरं फार होती. सीड्या शेतात टांगल्या की उन्हात लकाकतात आणि पाखरं बिचकतात, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे.

"टांगल्यात?"

"टांगल्या असत्याल. तीन आठवडे झालं."

संगणकावर लिहिलेल्या सीडीचा रंग उन्हात उडतो आणि रंगाबरोबर तिच्यावरचं सगळं उडतं. मी हे सांगायच्या आत वहिनींनी पिशवी उचलली. "चला," त्या मला म्हणाल्या. भाऊ उठले तसं त्या म्हणाल्या, "तुमी बसा."

आम्ही तळेगावच्या लोकलमध्ये बसलो. कामशेत गेल्यावर त्या एकदा म्हणाल्या, "मी शिकले कशी म्हाईत हाय का? ह्यांनी न्हाई शिकवलं. एकदा ह्यांना ताप व्हता आन लगीन घेतलेलं." मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे जे सुचलं ते माफी मागण्यासारखंच होतं, आणि ती मी दोनदा मागितली होती.

तळेगावला उतरून माझ्या स्कूटरवर शिरगावला निघालो. गुरुवार होता, तिथल्या मंदिरात दर्शनाचा वार. मंदिराच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही तिच्यात अडकलो. मी हॉर्न वाजवत होते, काही उपयोग नसताना. ऊन चढत चाललं होतं आणि एकेका मिनिटाला कुठल्यातरी मांडवातल्या बायका पुसट होत आहेत असं मला वाटत होतं. वहिनींनी मागून खांद्यावर हात ठेवला. "हॉर्नानं काय व्हतंय," त्या म्हणाल्या.

दादांचं शेत लांबूनच दिसलं. पिवळ्या पडलेल्या भातावर बांबूच्या काठ्या, काठ्यांना सुतळी आणि सुतळीत ओवलेल्या सीड्या. वाऱ्याबरोबर सगळं शेत चमकत होतं. दादा बांधावर उभे होते आणि खूश होते.

"लय गुणाच्या निगाल्या," ते बहिणीला म्हणाले. "पाखरू फिरकत न्हाई."

वहिनींनी त्यांना सांगितलं की सगळ्या काढायच्या आहेत, आताच. दादांना ते पटेना. "आठ दिसांवर कापणी आलीया. आठ दिस थांबा, मग घिऊन जा की समद्या. मी कुटं पळून चाललोय?"

मी उन्हाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण नजर शेतावरच होती. चार महिन्यांचं त्यांचं पीक होतं. माझ्या बोलण्याने ते उघडं टाकायला त्यांनी का तयार व्हावं.

"दादा," वहिनी म्हणाल्या, "त्येच्यात माजं काम हाय. मी केल्यालं."

"तुजं कसलं काम?"

"फोटूचं."

दादा बहिणीकडे बघत राहिले. त्यांनाही ठाऊक नव्हतं असं दिसलं. मग म्हणाले, "आन पाखरं कोण राखायची?"

"मी राखते. कापणीपतोर ऱ्हाते."

आणि त्या राहिल्या. आम्ही तिघांनी मिळून सीड्या उतरवल्या. भाताच्या पात्यांनी हात कापत होते. न टांगता गोणीतच पडून राहिलेल्या सीड्या शंभरच्या वर निघाल्या, तेव्हा मी बांधावर खाली बसले आणि जरा श्वास घेतला. टांगलेल्या बेचाळीस होत्या. बांधावरच्या आंब्याच्या सावलीतल्या बऱ्या वाटत होत्या. शेताच्या मध्यावरच्यांचा हिरवट रंग जाऊन त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मी सगळ्या सीड्या जुन्या साडीत गुंडाळून स्कूटरवर ठेवल्या. निघताना मागे पाहिलं, तर वहिनी पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बांधावरून चालत होत्या.

पुढचे पाच आठवडे मी सीड्याच वाचत होते. दोन जुने ड्राइव्ह आणले. खराब सीडी अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा वाचावी लागते. एकेका सीडीला चार-चार तास लागायचे. ड्राइव्ह घरघरायचा आणि मी स्वयंपाकघर ते हॉल अशा फेऱ्या घालायची. भाजी करपली, दिवाळीचा फराळ विकत आणला. नवरा एकदाच म्हणाला, "बस जरा." बसले की ड्राइव्हचा आवाज बदलल्याचा भास व्हायचा आणि मी परत उठायची.

आणि ज्या प्रकारांचे वेगवेगळे भाग मी लिहिले होते, त्यांचा खरा फरक मला तेव्हा कळला. झिपमध्ये प्रत्येक फोटो आपल्या वेगळ्या पुडीत असतो आणि पुडीवर त्याचं नाव असतं. सीडीचा एक तुकडा गेला तर तेवढे चार फोटो जातात, बाकीचे नावं वाचून वेचून काढता येतात. मी प्रोग्रॅममध्ये त्यासाठी नवा भाग लिहिला, मोडक्या गाठोड्यातून वेचणारा. पण एका माणसाने, जागा वाचावी म्हणून, सगळे फोटो एकात एक दाबून बांधायचा प्रकार वापरला होता. त्यात सुरुवातीलाच खाच पडली की पुढचं काहीच सुटत नाही. तो माणूस हुशार होता. मीही तेच केलं असतं. त्याच्या काळातली लग्नं मी सगळ्यात जास्त वेळा वाचून पाहिली.

प्रोग्रॅममधली ती ओळ मी कधीच काढली होती. आता एका नावाचे दोन फोटो आले तर दोन्ही राहतात, आणि कुठला कुठल्या गाठोड्यातून आला ते त्याच्या नावात लिहिलं जातं. मूळ गाठोडं आपोआप पुसलं जात नाही. प्रोग्रॅम आत गेलेले आणि बाहेर आलेले फोटो मोजतो, आणि आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबतो. हे सगळं लिहायला दोन दिवस लागले.

शेवटी नऊ लग्नांतल्या बायका कुठल्याच सीडीवर मिळाल्या नाहीत. बाकीच्या बहुतेक आल्या. वराळ्याच्या लग्नातले चार फोटो गेले, पण सतरंजीवरच्या आजी मिळाल्या. मी तो फोटो मोठा छापून मावशींकडे नेला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "ह्यो कुणी काढला म्हनलीस?" मी वहिनींचं सांगितलं. "व्हय, बाईच व्हती कॅमेऱ्यावाली," त्या म्हणाल्या. "आई तिला म्हनली व्हती, दात न्हाईत माजे, हसवू नगंस." 

नवे पेन ड्राइव्ह करून भाऊ पुन्हा सगळ्या घरी गेले. चूक माझी होती असं सांगा, असं मी त्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "निम्मी माझीपण." कुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. स्टुडिओ त्यांनी ठरल्याप्रमाणे बंद केला. दोघांमध्ये काय बोलणं झालं तेही मला माहीत नाही. कापणी होऊन वहिनी परतल्या, एवढंच.

राहिलेल्या नऊ लग्नांचं वहिनींनीच ठरवलं. त्या घरांत अल्बम असतील, चिकटलेले का होईना. जाऊन अल्बममधल्या फोटोंचे फोटो काढायचे. थंडीत आम्ही सुरुवात केली. मी स्कूटर चालवायची, त्या मागे कॅमेरा मांडीवर घेऊन बसायच्या. एका घरी अल्बम वाळवीने खाल्ला होता. एका घरी नवरा-बायको वेगळे झाले होते आणि सासूने अल्बम दाखवायला नकार दिला. बाकी घरांत पाट मांडून दिला गेला, आणि वहिनी उजेडाकडे तोंड करून एकेक पान सपाट करत बसल्या.

पवनेच्या काठच्या एका घरात मी त्यांच्याजवळ बसून पानं धरत होते. त्या काही फोटो घ्यायच्या, काही सोडायच्या. पाठीवरचे नंबर त्या बघतही नव्हत्या. एका फोटोत बायकाच होत्या, उखाणा घेणारी नवरी आणि भोवती तिच्या मैत्रिणी, आणि त्यांनी तो सोडून दिला.

"हा राहिला," मी म्हटलं.

"ह्यो माजा न्हाई, ह्यांचा हाय."

"कशावरून?"

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "बघ की. एक जण बी इकडं बघत न्हाई." मग पुढचं पान उलटलं. हळदीचा फोटो होता. सगळ्यांचे हात पिवळे, आणि सगळ्या थेट समोर बघून बोलत होत्या, मध्येच काहीतरी सांगत असल्यासारख्या. वहिनींनी कॅमेरा उचलला आणि मला म्हणाल्या, "पान जरा दाबून धर. सावली पडतीया तुजी."

मी सरकून बसले.